जिथे कंठ फुटला

15 नोव्हेंबर 2002 रोजी पश्चिम लंडनमधल्या अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये एक मदतीचा कार्यक्रम झाला. ब्रिटनमधले अग्निशमन दलाचे कर्मचारी वर्षाला 30,000 पौंड पगार मिळावा म्हणून संपावर होते आणि त्यांच्या संघटनेसाठी जो स्ट्रमर आपल्या ‘मेस्कलेरोज’ या नव्या बँडसह गाणार होता. श्रोत्यांत मिक जोन्स उभा होता. या दोघांनी मिळून ‘द क्लॅश’ उभा केला होता. 1983 मध्ये जोन्सला त्या बँडमधून काढून टाकण्यात आले आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे दोघे एका मंचावर आले नव्हते. त्या रात्री ‘बँकरॉबर’ हे गाणे सुरू झाले, तेव्हा जोन्स गिटार घेऊन वर चढला आणि मग दोघांनी आणखी दोन जुनी गाणी वाजवली. पाच आठवड्यांनी, 22 डिसेंबरला, स्ट्रमर वयाच्या 50 व्या वर्षी हृदयविकाराने गेला. 2003 च्या वसंतात अमेरिकेतल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये क्लॅशचा सन्मान व्हायचा होता आणि तिथे सगळ्यांनी पुन्हा एकत्र वाजवावे असा विचार चालू होता. बास वाजवणारा पॉल सिमोनन त्याला तयार नव्हता. इतक्या महागड्या तिकिटांच्या समारंभात वाजवणे क्लॅशला शोभणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. जगाने ज्या पुनर्मीलनाची वाट पाहिली ते कधी झालेच नाही. जे झाले ते संपावरच्या माणसांसाठी आणि नगरपालिकेच्या सभागृहात झाले.

पुढच्या पानांचा विषय हा असा आहे. पिकल्या केसांचे पंक संगीतकार मोठ्या मैदानांऐवजी एखाद्या जुन्या, लहान सभागृहात एकत्र येतात आणि तिकिटांचे पैसे दुसऱ्या कुणासाठी देतात. कधी ते संपकऱ्यांसाठी असतात, कधी आगीत सापडलेल्या छापखान्यासाठी, कधी त्या सभागृहासाठीच. वृत्तपत्रांत अशा कार्यक्रमांची बातमी बहुधा दोनच अंगांनी येते. एक, किती वर्षांनी कोण एकत्र आले. दुसरे, किती रक्कम जमली. मला दोन्ही मोजमापे अपुरी वाटतात. जुना बँड पुन्हा वाजतो याला स्वतंत्र मोल फारसे नाही आणि तीन-चारशे माणसांच्या सभागृहातून जमणारी रक्कम मोठ्या संकटापुढे थोडीच पडते. या कार्यक्रमांकडे परतफेड म्हणून पाहावे, असे माझे म्हणणे आहे. पंकला जन्म देण्याचा खर्च काही खोल्यांनी, काही वस्त्यांनी आणि काही अनामिक माणसांनी सोसला आणि त्याचा हिशेब कधी झालाच नाही. परतफेड म्हटली की प्रश्नही बदलतो. किती जमले याऐवजी, ती खोली उद्या कुणाच्या हातात राहणार आणि तिथे उद्याचा अनोळखी पोरगा वाजवू शकणार का, हे विचारावे लागते. या कसोटीवर काही गाजलेले कार्यक्रम नापास होतात आणि काही लहानसे कार्यक्रम फार मोठे ठरतात.

ही परतफेड कशाची, हे समजायला 1974 ते 1977 या वर्षांतल्या जागा पाहाव्या लागतात. न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावर 315 क्रमांकाच्या इमारतीत हिली क्रिस्टल याने डिसेंबर 1973 मध्ये ‘सीबीजीबी’ हा बार उघडला. त्या काळी बावरी हा दारुड्यांचा, बेघरांचा आणि पडीक घरांचा रस्ता होता, म्हणून भाडे परवडत होते. आत लांबट, अरुंद, अंधारी जागा होती. क्रिस्टलचा आग्रह एवढाच की इथे वाजवणाऱ्याने स्वतःची गाणी वाजवावीत. ज्यांना दुसरे कुणी उभे करत नव्हते असे ‘टेलिव्हिजन’, ‘रमोन्स’, पॅटी स्मिथ, ‘ब्लाँडी’ तिथे वाजवून वाजवून तयार झाले. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा ‘100 क्लब’ तर तळघरात आहे. तिथे 1942 पासून जॅझ वाजत आले होते आणि सप्टेंबर 1976 मध्ये त्याच तळघरात दोन रात्रींचा पंक महोत्सव झाला. पहिल्या रात्री ‘सेक्स पिस्टल्स’, ‘द क्लॅश’ आणि ‘सूझी अँड द बॅन्शीज’ वाजवून गेले, दुसऱ्या रात्री ‘द डॅम्ड’ आणि ‘बझकॉक्स’. सूझी तर त्या पहिल्या रात्री प्रथमच मंचावर उभी राहत होती. दुसऱ्या रात्री फेकलेला ग्लास फुटून एका मुलीच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, हेही या इतिहासाचा भाग आहे आणि या खोल्यांचे गोडवे गाताना ते विसरता कामा नये. पंकने जोखीम घेतली असे आपण म्हणतो, तेव्हा त्या जोखमीचा मोठा वाटा जागेच्या मालकाने, तिकीट काढून आलेल्या श्रोत्याने आणि आसपासच्या रहिवाशांनी उचललेला असतो. जागा बुटक्या मंचाची आणि गर्दीला चिकटलेली असल्यामुळेच ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात अंतर उरले नाही. पुढे पंकचे तत्त्व म्हणून जे सांगितले गेले, ते आधी त्या खोलीच्या मापातून आले होते.

मदतीची चालही म्हातारपणी सुचलेली नाही, ती सुरुवातीपासूनच आहे. 1977 च्या नोव्हेंबरात ब्रिटनमधल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांनी पहिला देशव्यापी संप केला आणि नाताळ आला तरी तो मिटलेला नव्हता. त्या वर्षी सेक्स पिस्टल्सना अनेक गावांच्या नगरपालिका दारातही उभे करत नव्हत्या. 25 डिसेंबरला हडर्सफील्ड या यॉर्कशरमधल्या गिरणगावात ‘आयव्हनहोज’ नावाच्या क्लबमध्ये त्यांनी दुपारी संपकऱ्यांच्या मुलांसाठी कार्यक्रम केला. केक होता, भेटवस्तू होत्या, आणि ज्यांच्या नावाने वृत्तपत्रे बोटे मोडत होती ते चौघे त्या मुलांत रमले होते. संध्याकाळी नेहमीचा कार्यक्रम झाला. तीन आठवड्यांत बँड फुटला, त्यामुळे ब्रिटनमधला हा त्या काळातला त्यांचा शेवटचा दिवस ठरला. पुढे चारच महिन्यांनी, 30 एप्रिल 1978 रोजी, वंशद्वेषाविरुद्धच्या ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ चळवळीने पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये मोठा कार्यक्रम घेतला. त्यात क्लॅश, ‘एक्स-रे स्पेक्स’ आणि बर्मिंगहॅमचा रेगे बँड ‘स्टील पल्स’ एका मंचावर होते. हडर्सफील्ड आणि अ‍ॅक्टन यांच्यात पंचवीस वर्षांचे अंतर आहे, बँड वेगळे आहेत, पण ज्यांच्यासाठी वाजवले ते दोन्ही वेळा आगीशी झुंजणारे पगारदार होते. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला त्यात एक सलग धागा दिसतो. पंकच्या पहिल्या पिढीतले पुष्कळ जण कामगार वस्त्यांतून आले होते आणि संपात घर कसे चालते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

मराठी वाचकाला अशा प्रसंगाची मूळ कल्पना परकी नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्यात एकाच मंचावर उभे राहिले, आणि तीन महिने होण्याआधीच केशवराव गेले. लंडनच्या पंकचा आणि आपल्या संगीत नाटकाचा काही वंशसंबंध नाही. पण मदतीचा एक प्रयोग रकमेपलीकडे जाऊन लोकांच्या आठवणीत का राहतो, हे ज्याला संयुक्त मानापमान माहीत आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता अगदी अलीकडचा दाखला घेऊ, कारण त्यात सगळे प्रश्न एकवटले आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये पॉल कुक, स्टीव्ह जोन्स आणि ग्लेन मॅटलॉक हे सेक्स पिस्टल्सचे तिघे लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या ‘बुश हॉल’मध्ये वाजवायला आले. गायला तरुण पिढीतला फ्रँक कार्टर होता. 1977 चा त्यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम त्यांनी पूर्ण वाजवला, आणि पैसे बुश हॉल वाचवण्यासाठी होते. कुक आणि जोन्स याच वस्तीत वाढलेले, शाळेपासूनचे मित्र. दोघेही तेव्हा 68 वर्षांचे होते. बुश हॉल 1904 मध्ये नृत्यगृह म्हणून बांधला गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे गरजूंना गरम सूप मिळे, पुढे तिथे बिंगो खेळला गेला, स्नूकरची टेबले लागली, आणि 2001 पासून तो पुन्हा संगीताचा झाला. आत नक्षीदार गिलावा, झुंबरे आणि जेमतेम चारशे माणसांची जागा. अशा सभागृहांचे अर्थकारण ब्रिटनमध्ये किती हलाखीचे आहे हे ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ या संस्थेच्या आकड्यांवरून दिसते. 2014 मध्ये सुरू झालेली ही संस्था देशातल्या आठशेंहून अधिक लहान सभागृहांच्या वतीने काम करते. एकट्या 2023 मध्ये अशी 125 ठिकाणे संगीतासाठी बंद झाली आणि जी उरली त्यांचा सरासरी नफा उलाढालीच्या अर्ध्या टक्क्याएवढा होता. शंभर पौंड हातातून जातात तेव्हा पन्नास पेन्स मागे राहतात. एखादा महिना विजेचे बिल वाढले किंवा छताची दुरुस्ती निघाली की वर्षाचा हिशेब कोलमडतो. याच खोल्यांत वाजवून नाव मिळवणारे लोक पुढे वीस-वीस हजारांची सभागृहे भरतात, पण त्या मोठ्या कमाईतला पैसा खाली झिरपण्याची ठरलेली वाट तोवर नव्हती. बुश हॉलच्या त्या रात्री म्हणजे ती वाट हाताने खणण्याचा प्रयत्न होता.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो खोटा नाही. बुश हॉलनंतर हाच संच मोठ्या सभागृहांच्या आणि महोत्सवांच्या दौऱ्यावर निघाला. मूळ गायक जॉन लायडन त्यात नव्हता आणि पिस्टल्सचा आवाज म्हणजे लायडनच, असे मानणारे पुष्कळ आहेत. मग ही मदत होती की दौऱ्याची जाहिरात? 1996 मध्ये याच बँडने मूळ चौघांसह दौरा केला तेव्हा पैशासाठी आलो आहोत हे दौऱ्याच्या नावातच सांगून टाकले होते आणि लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये हजारो लोक जमवले होते. त्या सचोटीपुढे 2024 चा परोपकार कुणाला दुटप्पी वाटला तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण हेतूची शुद्धता तपासत बसणे हा मदतीचा विचार करण्याचा वाईट मार्ग आहे. सभागृहाच्या खात्यात पैसे आले, ते वाचवायला हवे हे देशभर छापून आले, आणि ज्याने ते नाव कधी ऐकले नव्हते त्याला ते कळले. संगीतकारांनाही त्यातून लाभ झाला म्हणून यातले काही उणे होत नाही. त्या आक्षेपातला खरा भाग वेगळा आहे आणि तो पुढच्या दौऱ्याला लागू होतो. लहान सभागृहाला दिलेल्या दोन-चार रात्रींमधून मोठा दौरा उभा राहत असेल, तर त्या मोठ्या दौऱ्याच्या तिकिटातला काही हिस्सा नियमाने लहान सभागृहांकडे यायला हवा. म्हणजे हा आक्षेप मनापासून धरला तर तो मदतीचे कार्यक्रम बंद करा असे सांगत नाही, त्यांना कायमची व्यवस्था जोडा असे सांगतो.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. पंकने जुन्याची पूजा नाकारली. मग त्याच्याच जागांना वारसा म्हणून जपणे, सत्तरीला टेकलेल्या माणसांनी विशीतली गाणी पुन्हा म्हणणे, हे पंकचे संग्रहालय करणे नाही का? याचे उत्तर त्या खोलीत एरवी काय चालते यावर अवलंबून आहे. जी खोली फक्त 1976 दाखवण्यासाठी उघडी ठेवली जाते, तिच्याबद्दल हा आक्षेप मी पूर्ण मान्य करीन. पण 100 क्लब किंवा बुश हॉल यांसारख्या जागांत आठवड्यात बहुतेक रात्री नवे, अनोळखी लोक वाजवत असतात आणि त्यांच्या तिकिटांवर खर्च भागत नाही. जुन्या माणसांची एक रात्र त्या नव्यांच्या अनेक रात्रींचा तोटा भरून काढते. जुन्याच्या पूजेला नकार देणाऱ्या माणसाने नव्याला जागा करून देणे, यात मला विसंगती दिसत नाही. गाणी तीच राहतात हे खरे, आणि साठी ओलांडलेल्या गळ्यातून आलेला संताप विशीतल्यासारखा ऐकू येत नाही हेही खरे. त्यातला प्रामाणिक भाग असा की या वयात तो संताप दुसऱ्यासाठी खर्च होतो.

तिसरा आक्षेप वास्तवाचा आहे आणि त्याचे नाव सीबीजीबी. तिथे मदतीचे कार्यक्रम कमी झाले नव्हते. 2005 च्या ऑगस्टमध्ये जागा वाचवण्यासाठी ओळीने कार्यक्रम झाले, वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये सभा झाली आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनचा सहकारी स्टीव्ह व्हॅन झँट त्यासाठी झटला. वाद थकलेल्या भाड्याचा होता. जागा ज्या संस्थेकडून भाड्याने घेतली होती ती बेघरांना आसरा देणारी ‘बावरी रेसिडेंट्स कमिटी’ होती, त्यामुळे या गोष्टीत सोयीचा खलनायकही मिळत नाही. थकबाकीच्या दाव्यात न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला, पण भाडेकरार ऑगस्टच्याच अखेरीला संपत होता आणि तो पुन्हा झाला नाही. क्लब आणखी वर्षभर चालला आणि 15 ऑक्टोबर 2006 रोजी पॅटी स्मिथने शेवटचा कार्यक्रम केला आणि अखेरीस तिथल्या मृत साथीदारांची नावे एकामागून एक उच्चारली. पुढच्या वर्षी क्रिस्टल गेला. त्यानंतर त्या जागी महागड्या कपड्यांचे दुकान आले. ज्या बावरीत भाडे स्वस्त म्हणून पंक जन्मले, तिथेच भाड्याने त्याला घालवले, आणि त्या भागाला मोल यायला ज्या कारणांचा हातभार लागला त्यांत तो क्लबही होता. संगीताने किती प्रेम मिळवले याला भाडेकरारात रकाना नसतो. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटले की रक्कम हे मोजमाप अपुरे आहे. सीबीजीबीच्या मालकाला थोडे जास्त पैसे मिळाले असते तरी पुढच्या करारापर्यंतच पुरले असते.

याच्या उलट जिथे जागेची मालकी, करआकारणी किंवा कायदा यांना हात घातला गेला तिथे गोष्टी बदललेल्या दिसतात. 100 क्लब 2010 मध्ये बंद व्हायच्या बेतात होता. मोहीम उभी राहिली, पॉल मॅकार्टनीने डिसेंबरात तिथे भरदुपारी कार्यक्रम केला आणि एका बूट कंपनीच्या प्रायोजकत्वावर क्लब तगला. पण प्रायोजक आज असतो, उद्या नसतो. खरा दिलासा जानेवारी 2020 मध्ये मिळाला, जेव्हा वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने या तळघराला व्यवसाय करात पूर्ण सूट दिली. इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 पासून एक तत्त्व आले आहे. जुन्या संगीतगृहाशेजारी नव्याने घरे बांधणाऱ्याने आवाजाचा बंदोबस्त स्वतः करायचा, आधीपासून तिथे असलेल्या संगीतगृहाला गप्प करायचे नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने उभारलेल्या योजनेतून मँचेस्टरजवळच्या अ‍ॅथर्टन गावातले ‘द स्नग’ हे छोटे कॅफेवजा संगीतगृह विकत घेण्यात आले. त्या योजनेत हजाराहून अधिक लोकांनी भाग घेतले आहेत, त्यामुळे तिथला घरमालक आता भाडे वाढवून संगीत बंद पाडणार नाही. मे 2024 मध्ये ब्रिटिश संसदेच्या सांस्कृतिक समितीने मोठ्या सभागृहांच्या तिकिटांवर लहान सभागृहांसाठी आकार लावण्याची शिफारस केली, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने तिला पाठिंबा दिला. हा आकार ऐच्छिक आहे आणि ऐच्छिक गोष्टी किती टिकतात याबद्दल मला शंका आहे. तरीही या सगळ्यांत मदतीच्या कार्यक्रमांचा वाटा मी मोठा मानतो. कोणत्याही समितीसमोर एखादे तळघर महत्त्वाचे आहे हे सिद्ध करायला ताळेबंद उपयोगी पडत नाही, कारण ताळेबंद तोट्याचाच असतो. तिथून निघालेली माणसे परत येऊन उभी राहतात, हाच त्याचा पुरावा असतो.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे उदाहरण शेवटी ठेवले आहे, कारण तिथे खोली आधी ठाम राहिली आणि मग संगीतकार परत आले. ‘924 गिलमन स्ट्रीट’ हे ठिकाण 1986 च्या शेवटच्या रात्री उघडले आणि तेव्हापासून ते सभासद आणि स्वयंसेवक चालवतात. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष किंवा स्त्रीद्वेष खपवून घेतला जाणार नाही, आणि बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे जागा नाही, असे तिथले नियम होते. ‘ग्रीन डे’ इथेच घडला. 1994 मध्ये बड्या कंपनीकडून ‘डूकी’ हा त्यांचा अल्बम आला आणि लाखोंनी खपला, तोवर दार त्यांना बंद झाले होते. त्या वेळी हा नियम अनेकांना कोता वाटला. मलाही तो कठोर वाटतो, पण गिलमनला ग्रीन डेच्या नावावर पैसा कमावता आला असता आणि त्याने तो कमावला नाही, हे विसरता येत नाही. मार्च 2015 मध्ये शेजारच्या ओकलंडमध्ये आग लागली आणि त्यात ‘एके प्रेस’ हे अराज्यवादी प्रकाशनगृह आणि ‘1984 प्रिंटिंग’ हा छापखाना सापडला. 17 मे रोजी त्यांच्या मदतीसाठी ग्रीन डेने वीसहून अधिक वर्षांनी गिलमनमध्ये कार्यक्रम केला. महिनाभरापूर्वीच हा बँड हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला होता. इथे गिलमनला स्वतःसाठी काही नको होते. त्याने आपला नियम बाजूला सारला तो दुसऱ्या दोन संस्थांसाठी. पुढच्या आठवड्यापासून तिथे पुन्हा सभासदत्वाचे कार्ड काढून आत जाणारी मुले आणि त्यांचे बँड होते, आणि नियमांचा फलक होता त्याच भिंतीवर होता.